धुळीच्या दिवसांत गाडीची निगा



ऊसतोड सुरू झाली की पिंपळीच्या रस्त्यांवर धूळच धूळ. परवा एक दूधवाले विचारत होते, "साहेब, गाडी जरा थांबवली की बंद पडते. कार्ब्युरेटर साफ करू का?"

१ एप्रिल २०२० पासून भारत-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. आता इंजिनाला हवा मिळते थ्रॉटल बॉडीतून. तिच्या झडपेच्या कडेला काजळी बसली की संथ चालीत हवा पुरत नाही आणि गाडी बंद पडते.

आधी एअर फिल्टर पाहावा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. तो ठीक असेल तर इंजिन गार होऊ द्यावे, चावी काढावी, बॅटरीची ऋण वायर सोडावी. चूल, विडी दूर ठेवावी. हवेच्या नळीची पट्टी सैल करून नळी काढावी. थ्रॉटल क्लीनर चिंधीवर घेऊन काजळी हलक्या हाताने पुसावी. पॉलिश पेपर वापरू नये, सेन्सरवर फवारू नये, बसवलेले स्क्रू फिरवू नयेत.

बॉडी पूर्ण उतरवायची झाल्यास मेस्त्रीकडे जावे. पेट्रोलच्या नळीत दाब असतो. ती घरी सोडू नये.

जोडणी झाल्यावर, गाडी सुरू करण्यापूर्वी, मूठ पिळून सोडावी. ती चटकन मागे आलीच पाहिजे. अडकत असेल तर गाडी हलवू नये. दूध एक वेळ उशिरा पोचले तरी चालेल. अडकलेली मूठ मात्र जिवावर बेतते.