जुना कॅमेरा घेताना आधी मोजपट्टी काढा!



हातातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा असतानाही फिल्मवर छायाचित्रे घेण्याची हौस गेल्या काही वर्षांत पुन्हा वाढली आहे. तुमच्यापैकी काहींना ती लागली असेल, आणि त्यातल्या काहींचे मन रेंजफाइंडर जातीच्या कॅमेऱ्यावर बसले असेल. हा कॅमेरा आटोपशीर असतो, शटरचा आवाज फारसा करत नाही आणि त्याच्या पोटात भूमितीचे एक सुंदर यंत्र असते. नव्याची किंमत आवाक्याबाहेरची, म्हणून जुनाच घ्यायचा. आणि खिशात पैसे मोजकेच.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे "नामांकित कंपनीचाच घे", आणि दुसरा म्हणजे "भिंग जितके मोठ्या तोंडाचे तितके चांगले". माझे मत असे आहे की थोड्या पैशांत कॅमेरा घेणाऱ्याने हे दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. आधी अंतरमापक तपासावा, त्याला पेलेल एवढेच भिंग घ्यावे आणि उरलेले पैसे फिल्मसाठी राखावेत. असे का, ते पाहू.

एक हात पुढे करून अंगठा उभा धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर डावीउजवीकडे सरकल्यासारखा वाटतो. अंगठा जवळ आणला की तो जास्त सरकतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्याला असेच दोन डोळे असतात, म्हणजे पुढच्या बाजूच्या दोन खिडक्या. दोन्हींतून आलेली चित्रे अर्धपारदर्शक आरशाने एकावर एक पडतात. भिंगाचे कडे फिरवून ती दोन चित्रे जुळवली की त्या वस्तूवर भिंग केंद्रित झाले. पायाची लांबी आणि कोन यांवरून त्रिकोणाची उंची काढायची, तोच हा हिशेब. खिडक्यांमधील अंतर हा त्रिकोणाचा पाया. पाया जितका मोठा, तितके माप अचूक.

मात्र व्ह्यूफाइंडरमधून वस्तू लहान दिसत असेल, तर डोळ्याला चित्रांतला फरकही लहान दिसतो. म्हणून खिडक्यांमधील अंतराला व्ह्यूफाइंडरच्या मोठेपणाने गुणायचे. येणारे उत्तर म्हणजे परिणामी पाया. समजा, खिडक्यांच्या मध्यांतील अंतर ३५ मि.मी. आहे आणि वस्तू ०.६ पट दिसते. मग परिणामी पाया २१ मि.मी. झाला. १९५४ साली निघालेल्या जर्मन 'लायका एम-३'चा परिणामी पाया सुमारे ६२ मि.मी. आहे. तो कॅमेरा महाग असण्याचे हे एक खरे कारण.

आता भिंगाकडे वळू. आपला डोळा सुमारे १ कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, कोनातला फरक ओळखतो. त्याहून कमी चूक त्याला कळत नाही. २१ मि.मी. पायाच्या कॅमेऱ्यात ३ मीटरवर याचा अर्थ होतो सुमारे १२ सेंटिमीटरची चूक. पण भिंगही थोडी चूक पोटात घालते. ५० मि.मी. नाभ्यंतराचे, एफ-२ चे भिंग पूर्ण उघडे ठेवले तरी ३ मीटरच्या अलीकडे पलीकडे सुमारे २० सेंटिमीटरपर्यंतचे चित्र पुरेसे रेखीव येते. म्हणजे चूक पचली!

यातली गंमत अशी की अंतर दुप्पट केले तर दोन्ही आकडे जवळजवळ चौपट होतात. त्यामुळे हिशेबातून अंतर निघूनच जाते आणि एक सोपे सूत्र हाती येते. नाभ्यंतराचा वर्ग करा; त्याला एफ-क्रमांकाच्या १०० पटीने भागा. उत्तर म्हणजे त्या भिंगाला लागणारा किमान पाया, मिलिमीटरमध्ये. हे सूत्र ३५ मि.मी. फिल्मवरच्या २४ × ३६ मि.मी. चित्रासाठी आहे आणि त्यात फिल्मवर ०.०३ मि.मी.पर्यंतची अस्पष्टता चालेल असे धरले आहे.

करून पाहा. ५० मि.मी., एफ-२ : २५०० ला २०० ने भागून १२.५ मि.मी. तेच भिंग एफ-१.४ चे घेतले तर १८ मि.मी. ८५ मि.मी., एफ-२ ला ३६ मि.मी. आणि १३५ मि.मी., एफ-४ ला तर सुमारे ४६ मि.मी. जुन्या यंत्रात सांधे थोडे ढिले असणारच, म्हणून आलेल्या उत्तराच्या दीडपट तरी पाया असावा. आता आपल्या २१ मि.मी.च्या कॅमेऱ्याला काय पेलते ते उघड आहे. मोठ्या तोंडाच्या महाग भिंगाला तुम्ही जे पैसे मोजाल, ते त्या कॅमेऱ्यावर वायाच जातील.

मग बाजारात काय शोधावे? माझी पहिली पसंती जपानी, भिंग कायमचे बसवलेल्या कॅमेऱ्यांना. १९७२ सालच्या 'कॅनोनेट क्यूएल-१७ जी-थ्री'चे भिंग ४० मि.मी., एफ-१.७ आहे; सूत्राने त्याला सुमारे ९.४ मि.मी. पाया पुरतो. शिवाय बॅटरी नसली तरी त्याचे शटर हाताने लावलेल्या वेगांवर चालते. १९६६ साली आलेला 'यशिका इलेक्ट्रो ३५' हाही उत्तम, पण त्याचे शटर विजेवर अवलंबून आहे. बॅटरी नसेल तर तो सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा एकच वेग देतो. त्याला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही; दुसरी बॅटरी अडॉप्टर घालून बसवावी लागते. ती बसवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

भिंगे बदलायची असतील तर सोव्हिएत रशियातले कॅमेरे आहेत. 'झोर्की-४' १९५६ ते १९७३ या काळात मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्क येथे लाखोंनी बनला. त्याच्यावरचे ५० मि.मी., एफ-२ चे 'ज्युपिटर-८' भिंग जर्मन 'झोनार'च्या रचनेवर बेतलेले आहे आणि किमतीच्या मानाने फार चांगले. मात्र झोर्कीचा शटरवेग चावी भरल्यावरच बदलावा, नाहीतर यंत्र बिघडते. 'कीव्ह'साठीचे ज्युपिटर-८ झोर्कीवर बसत नाही. दोघांची जोडणी वेगळी. रशियन भिंग जपानी कॅमेऱ्याच्या आट्यांत बसले तरी त्याचे माप अंतरमापकाशी नेमके जुळेलच असे नाही. म्हणून कॅमेरा आणि भिंग एकाच घराण्यातले घ्यावे. आणि स्वस्तात 'लायका' मिळते आहे असे दिसले, तर सावध! झोर्की आणि फेड कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव कोरून ते विकण्याचा धंदा जुना आहे.

मुंबईचा चोरबाजार असो की ओळखीच्या काकांचे कपाट, पुढील तपासण्या तिथल्या तिथे करा. सोबत मोजपट्टी, टॉर्च आणि ट्रेसिंग पेपरचा तुकडा असू द्या.

पहिली तपासणी : भिंग अनंतावर ठेवून दूरची टाकी किंवा मनोरा पाहा. दोन चित्रे तंतोतंत जुळली पाहिजेत. एक वर आणि एक खाली दिसत असेल, तर अंतरमापकाची दुरुस्ती लागेल.

दुसरी : २ मीटर मोजून तेथे एखादी वस्तू ठेवा. चित्रे जुळवा. कड्यावरचा आकडा २ च्या जवळ हवा.

तिसरी : मागचे झाकण उघडा, शटर 'बी'वर उघडे धरा आणि फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून धरा. अनंतावर ठेवलेल्या भिंगाने दूरच्या इमारतीचे उलटे चित्र त्यावर रेखीव पडले पाहिजे. अंतरमापक आणि भिंग एकमेकांशी खरे बोलतात का, हे याच तपासणीत कळते. सूर्याकडे मात्र कॅमेरा कधीही रोखू नका.

चौथी : भिंगातून टॉर्चचा झोत टाका. चार धुळीचे कण बिघाड करत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजा. आपल्या कोकणच्या दमट हवेत ती फार होते आणि काचेवरचा लेप खाते. असे भिंग सोडून द्या.

पाचवी : १ सेकंदाचा वेग लावून घड्याळाशी ताडून पाहा. शटर कापडी असेल तर त्यामागे उजेड धरून बारीक भोके शोधा.

झाकणाच्या कडेचा काळा फोम चिकट झाला असेल तर घाबरू नका. तो स्वस्तात बदलता येतो. प्रकाशमापक बंद असला तरी अडत नाही. १०० वेगाची फिल्म असेल तर लख्ख उन्हात एफ-१६ आणि सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग, हा नियम पाठ करा. अशा किरकोळ दोषांचा उपयोग भाव कमी करून घेण्यासाठी मात्र जरूर करा!

काही जण म्हणतील, एवढी खटपट कशाला? थोडे थांबावे, पैसे साठवावेत आणि एकदाच भारी कॅमेरा घ्यावा. हे म्हणणे मला पटत नाही. पूर्वी उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' फिल्म आपल्याकडे मिळत असे. तो कारखाना बंद पडला. आता बहुतेक फिल्म परदेशातून येते आणि ३६ चित्रांचा एक रोळ, त्याची धुलाई धरून, विद्यार्थ्याच्या खिशाला जाणवतोच. सगळी पुंजी कॅमेऱ्यात घातली तर तो कपाटात बसेल. निम्मी पुंजी वाचवली तर वर्षभर अधूनमधून रोळ घेता येतील, आणि हात बसतो तो रोळ संपवूनच.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एक काम करा. जो कॅमेरा मनात आहे त्याच्या भिंगाचे दोन आकडे वहीत लिहा आणि वरील सूत्राने लागणारा पाया काढून ठेवा. दुकानदाराने कॅमेरा पुढे ठेवला की त्याच्या दोन खिडक्यांवर मोजपट्टी धरा. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून व्ह्यूफाइंडरमधून दाराची चौकट पाहा, म्हणजे मोठेपणाचा अंदाज येईल. गुणाकार वहीतल्या आकड्याच्या दीडपट भरला आणि पाचही तपासण्या उतरल्या, तर त्यावर नाव कोणतेही असो, तो कॅमेरा घ्यायला हरकत नाही.