नापासांच्या आकड्यावरून काठिण्य मोजू नका

अमेरिकेत इमारतीच्या किंवा पुलाच्या नकाशांवर जबाबदारीने सही-शिक्का मारायचा तर ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ म्हणजे पीईचा परवाना लागतो, आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. तिथे गेलेल्या अनेक मराठी इंजिनिअरांना ती चांगली ठाऊक आहे. ती किती अवघड, असे विचारले की उत्तर उत्तीर्णांच्या टक्केवारीत मिळते. ही सवय आपल्याला जेईई, एमपीएससीने लावली आहे. बसणारे लाखो, जागा मोजक्या, म्हणून परीक्षा अवघड. पण परवान्याच्या परीक्षेत जागाच नसतात. बसलेले सगळे लायक असतील तर सगळे पास व्हावेत, एकही नसेल तर एकही होऊ नये. तिथे नापासांचा आकडा परीक्षेपेक्षा बसणाऱ्यांबद्दलच अधिक सांगतो.

स्थापत्य शाखेचा पेपर 80 प्रश्नांचा आणि 8 तासांचा असतो. पूर्वी उमेदवार पुस्तकांनी भरलेल्या बॅगा घेऊन यायचे. 2022 पासून परीक्षा संगणकावर होते आणि पडद्यावर मिळणारे संदर्भच वापरावे लागतात. पास होण्यासाठी किती गुण लागतात हे जाहीर होत नाही. परवाना परीक्षांत ही रेषा ठरवण्याची रूढ रीत अशी: अनुभवी इंजिनिअर एकेक प्रश्न घेऊन बसतात आणि जेमतेम लायक अशा शंभर जणांपैकी किती जण तो सोडवतील याचा अंदाज बांधतात. त्या अंदाजांतून उत्तीर्णतेचे गुण निघतात. पेपर सोपा निघाला तर रेषा वर जाते, अवघड निघाला तर खाली येते. शिवाय पहिल्यांदा बसणारे आणि पुन्हा बसणारे यांचे निकाल वेगळे जाहीर होतात, आणि दुसऱ्या गटाचा निकाल बराच कमी लागतो. परीक्षा एकच, रेषाही एकच. मग ती एका गटाला सोपी आणि दुसऱ्याला अवघड कशी म्हणायची?

यावर रास्त आक्षेप असा की प्रश्न लोकांच्या जिवाचा आहे, तेव्हा परीक्षा जितकी कठीण तितकी बरी. टेक्सासमध्ये 1937 साली न्यू लंडनच्या शाळेत वायूचा स्फोट होऊन सुमारे 300 जण, त्यात बहुतांश मुले, दगावले आणि त्याच वर्षी तिथे इंजिनिअरांच्या परवान्याचा कायदा आला. ही भीती खरीच आहे. पण 1981 सालची कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलची दुर्घटना पाहा. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा असे दोन झुलते पूल एकाच लांब सळईला टांगलेले होते. बांधताना सळईचे दोन भाग केले गेले, त्यामुळे खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि त्या तुळईखालच्या नटवर दुप्पट भार आला. 114 माणसे मेली. हा हिशेब पदवीच्या पहिल्या वर्षाचा आहे. सही करणाऱ्याकडे परवाना होता, परीक्षेचा अडथळा त्याने केव्हाच पार केला होता. चूक झाली ती बदललेल्या जोडाचा हिशेब न तपासण्यात. पेपरात आणखी कठीण गणिते घालून हा दोष सापडला नसता. नंतर दोघा इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले, म्हणजे परवान्याची जरब परीक्षेनंतरही लागते.

म्हणून काठिण्याचा सवाल वेगळ्या ठिकाणी विचारायला हवा. संरचना अभियंत्यांची परीक्षा 2024 मध्ये संगणकावर गेली, तेव्हा उत्तीर्णांचे प्रमाण फार घसरले आणि तिथल्या इंजिनिअरांनी आवाज उठवला. कमी लोक पास झाले एवढ्यावरून ती परीक्षा चुकीची ठरत नाही. पण पडद्यावर संहितेची पाने शोधण्यातच वेळ जातो, ही तक्रार मला गंभीर वाटते, कारण मग तोलली जाते ती पाने चाळण्याची चपळाई. भूकंपाचा भार तुळई-खांबांतून पायापर्यंत कसा उतरतो हे ज्याला नीट कळते, तो केवळ पान वेळेत न सापडल्याने नापास होत असेल, तर परीक्षेची रचना दुरुस्त करावी. आणि ज्याला ते कळतच नाही, त्याला कितीही वेळा बसला तरी शिक्का देऊ नये, मग निकाल कितीही कमी लागो.