यंत्र आपले, किल्ली कोणाकडे?



हे पत्र दहिवलीहून लिहितो आहे. दहिवली म्हणजे कर्जत स्टेशनाजवळ, उल्हास नदीच्या काठी. मुलूख भाताचा. आपल्या कोरडवाहू रानात तीन-चार वर्षांत मिळून पडावा तेवढा पाऊस इथे एका पावसाळ्यात पडतो. इथल्या माणसाने कापूस-ज्वारीवाल्यांना काय सांगावे, असे कोणी विचारील. तर मी मूळचा जिंतूर तालुक्यातला. खोपोलीच्या कारखान्यात फिटर म्हणून २८ वर्षे पान्हा फिरवला, घर दहिवलीत झाले. पण गावाकडची सात एकर कोरडवाहू जमीन थोरल्या भावाच्या आणि माझ्या नावावर सामाईक आहे. पेरणीला आणि कापूस वेचणीला मी जातो. दोन्हीकडची मोडतोड पाहतो. तिच्याबद्दलच बोलायचे आहे.

कर्जतच्या आजूबाजूला आता फार्महाऊस उभी राहिली आहेत. कित्येकांच्या फाटकावर बैलगाडीचे चाक टांगलेले दिसते. हिरवळीवर लाकडी नांगर, त्याला वार्निश. शनिवारी मुंबईची मंडळी येतात, नांगराशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, "जुने ते सोने." याच मंडळींना आपल्या घरचा वीस वर्षांचा ट्रॅक्टर दिसला, दोनदा डाग दिलेली बादली दिसली, की म्हणतात, "शेतकरी कंजूष, जुनेपाने सोडत नाही." म्हणजे टांगलेले चाक ही संस्कृती आणि चालते चाक हा मागासलेपणा!

दुरुस्ती म्हणजे गरिबाची हौस नव्हे आणि लाचारीही नव्हे. दुरुस्ती हा मालकीचा पुरावा आहे. ज्याला आपली वस्तू उघडता येत नाही, तिचा सुटा भाग बाजारात विकत मिळत नाही, तो त्या वस्तूचा मालक नाही. पैसे भरून बसलेला राखणदार आहे.

दोन पूर

२६ जुलै २००५ चा पाऊस सगळ्यांना आठवतो. उल्हासचे पाणी आमच्या घरात कमरेइतके आले. ओसरल्यावर घरात वीतभर चिखल. शिलाई मशीन, सायकल, रेडिओ आणि शेजाऱ्याचे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, सगळे त्यात. शेजारी इंजिनाला हँडल मारायला निघाला, त्याला आधी थांबवले. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरवले तर पिस्टनचा रॉड वाकतो. डिझेलची टाकी रिकामी केली, तेल काढले, हेड खोलून सिलिंडर पुसला, नोझल साफ केले, फिल्टर बदलला. नवे तेल भरून आधी हाताने सावकाश फिरवले आणि मगच सुरू केले. बायकोने शिलाई मशीनचे शटल काढून रॉकेलमध्ये धुतले, सगळ्या भोकांत तेल सोडले. आठ दिवसांत रेडिओ सोडून सारे चालू झाले.

२२ जुलै २०२१ ला उल्हास पुन्हा घरात आली. तीच शिलाई मशीन दोन दिवसांत पुन्हा शिवू लागली. पण सोळा वर्षांत घरात नव्या वस्तू आल्या होत्या. धुण्याचे यंत्र, इन्व्हर्टर, शेजाऱ्याच्या पंपाचा नवा स्टार्टर. त्यांचे स्क्रू असे की ते खोलणारा पेचकस कर्जतच्या बाजारात मिळेना. खोलून पाहिले तर आत एक कार्ड, काळ्या राळेत बुडवून पक्के केलेले. पाण्याने कार्ड गेले, हा दोष पाण्याचा. पण कार्ड एकटे मिळत नाही, "पूर्ण युनिट घ्या". युनिटची चौकशी केली तर "ते मॉडेल बंद झाले", हा दोष पाण्याचा नाही. धुण्याच्या यंत्राची मोटर चांगली, ड्रम चांगला, पत्रा चांगला, आणि सगळे गेले भंगारात किलोच्या भावाने.

वापसा थांबत नाही

शहरातले धुण्याचे यंत्र पंधरा दिवस बंद राहिले तर कपडे हाताने धुता येतात. शेतात तसे नाही. काळ्या रानाला वापसा येतो तो तीन-चार दिवसांचा. आधी शिरलात तर चिखल, नंतर शिरलात तर ढेकळे.

२०२४ च्या ऑक्टोबरात रब्बी ज्वारीच्या पेरणीला मी गावी होतो. भाड्याचा ट्रॅक्टर सांगितला होता. नवा, ५० अश्वशक्तीच्या वरचा. दुसऱ्या तासाला समोरच्या काचेवर लाल दिवा लागला आणि इंजिन जोर धरीना. ट्रॅक्टरवाला तरुण, हुशार. पण काय बिघडले ते सांगणारा लॅपटॉप फक्त डीलरकडे. फोन केला. "मेकॅनिक दुसऱ्या तालुक्यात आहे, येईल." तो आला चौथ्या दिवशी. लॅपटॉप जोडला, एका तारेचे टोक काढून पुसले, परत बसवले, दिवा गेला. काम दहा मिनिटांचे, आणि वाट पाहणे चार दिवसांचे.

त्या चार दिवसांत आम्ही हात बांधून बसलो नाही. वडिलांच्या वेळची तिफण गोठ्याच्या माळ्यावर पडून होती. दोन नळे फुटलेले, एक फण सैल, दांडीला वाळवी. गावातल्या सुताराने फणाला पाचर मारली, दांडीचा खाल्लेला तुकडा कापून नवा जोड दिला. नळे आम्ही घरीच बांबूचे केले. शेजाऱ्याची बैलजोडी आणली, वहिनीने चाड्यावर मूठ धरली आणि अडीच एकर ज्वारी वापशावर पडली. बाकीचे रान पाचव्या दिवशी ट्रॅक्टरने पेरले, तोवर वरची ओल उडाली होती. दोन्ही तुकड्यांतला फरक उगवणीतच दिसला.

कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्चात अवजारांची झीज धरतो. पण गेलेला वापसा कोणत्या रकान्यात लिहायचा? दहा मिनिटांच्या दुरुस्तीसाठी चार दिवस ताटकळलेल्या शेतकऱ्याचा तोटा कोणत्या हिशेबात येतो? कोणत्याच नाही.

हे एका गावाचे रडगाणे नाही

अमेरिकेतल्या मोठ्या शेतकऱ्याचीही हीच तक्रार आहे. तिथल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला: शेतीयंत्र विकणाऱ्याने सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि दोष शोधण्याची साधने मालकाला व बाहेरच्या मेकॅनिकला दिली पाहिजेत. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या संघीय व्यापार आयोगाने जॉन डीअर कंपनीवर खटला भरला. आरोप असा की दुरुस्तीचे पूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरच्या हाती ठेवून शेतकऱ्याला अडवले. कंपनीने आरोप नाकारले. पण प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, कारण शेतकऱ्यांनी तो लावून धरला.

आपल्या देशात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच: अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात येऊ दिली नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण मोटारवाल्यांसाठी आयोगाने जे म्हटले, ते ट्रॅक्टरवाल्यांना का लागू नसावे?

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. चार क्षेत्रे ठरली: शेती अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि मोटारी. यादीत शेतीचे नाव पहिले! २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू झाले. मग कोणती वस्तू किती दुरुस्त होऊ शकते हे गुण देऊन सांगणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. त्यात पहिला मान मोबाइल आणि टॅबलेटला. २०२२ च्या यादीत पहिला असलेला शेतकरी २०२५ मध्ये रांगेत मागे उभा. 'इंडिया'चा मोबाइल आधी, 'भारता'चे औत नंतर.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, टायर आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा १८ वरून ५ झाला. चांगले झाले. पण जो भाग कंपनी विकतच नाही, त्याच्यावरचा कर शून्य केला तरी शेतकऱ्याच्या हातात काय पडणार?

कंपन्यांचे म्हणणे

कंपन्या म्हणतात, प्रदूषणाचे नियम कडक झाले, म्हणून इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आले. खरे आहे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून नवे नियम लागू झाले. धूर कमी व्हावा, आमची हरकत नाही. पण दोषाचा आकडा मालकाला वाचता आला, तर धूर कसा वाढतो ते कंपनीने सांगावे.

कोणी म्हणेल, हे नव्या तंत्राच्या विरोधात आहेत. अजिबात नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या. त्याच हातांनी पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला; १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नांगरांसाठी जुन्या तोफा दिल्याचे सांगतात. खोलून पाहणारा हातच नवे घडवतो. जी पिढी काही खोलणार नाही, ती नवे काही करणारही नाही.

आपलेही चुकते

दोष सगळा दुसऱ्याचा नाही. आपण मुलाला म्हणतो, "पान्ह्याला हात लावू नको, अभ्यास कर." सुतार-लोहाराला वेळेवर पैसे देत नाही आणि तो गाव सोडून गेला की हळहळतो. आणि दुरुस्तीच्या नावाखाली तार गुंडाळून वेळ मारून नेतो.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणे अनेक होती. पण आपल्यापुरते पाहू: पाठीवरचा पंप गळतो, पाठ भिजते, आणि आपण कापडाचा बोळा कोंबून पुढे फवारतो. झाकणाचे वायसर आणि नळीची पट्टी थोडक्या पैशांत मिळते. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका, तार घालू नका. पाण्यात बुडवून मऊ ब्रशने साफ करा. औषध भरण्याआधी साधे पाणी भरून पंप तपासा. मळणी यंत्राचे संरक्षक झाकण काढून ठेवणारा मेकॅनिक कितीही हुशार असो, त्याला यंत्राला हात लावू देऊ नका. नीट केलेली दुरुस्ती आणि जुगाड यांतला फरक आपणच पाळला पाहिजे.

काय मागायचे, काय करायचे

जिल्हा बैठकीत हे ठराव मांडावेत, अशी विनंती आहे:

१. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक शेतीयंत्राबरोबर सुट्या भागांची यादी आणि दुरुस्तीची पुस्तिका मराठीत मिळालीच पाहिजे.

२. मॉडेल बंद झाले तरी ठरावीक वर्षे त्याचे भाग खुल्या बाजारात विकणे कंपनीवर बंधनकारक असावे.

३. दोष शोधणारे सॉफ्टवेअर मालकाला आणि गावच्या मेकॅनिकला रास्त किमतीत मिळावे. बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी तोडू नये.

४. सरकारची यांत्रिकीकरणाची अनुदाने नव्या खरेदीवर भर देतात. आम्हाला अनुदान नको. आमच्या यंत्राची किल्ली द्या.

आणि हे आपले आपण करायचे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही: यंत्र घेताना किमतीआधी विचारा, "हे कोण खोलणार? भाग कुठे मिळणार?" उत्तर मिळाले नाही तर दुकानातून उठा. चार-पाच घरांनी मिळून पान्ह्यांचा एक संच ठेवा. मृगाच्या आधी एक दिवस ठरवा. गावातले पंप, वखर, डवरे, पेरणी यंत्रे पारावर आणून खोला, शाळेतल्या पोरापोरींना शेजारी बसवा. माळ्यावरची तिफण फार्महाऊसवाल्याला विकण्याआधी एकदा खाली काढून पाहा.

खंडेनवमीला आपण अवजारांना हळदकुंकू लावतो. या वर्षी आदल्या दिवशी ती खोलून, पुसून, तेल घालून ठेवू. ज्या यंत्राला खोलता येत नाही, त्याची नावे लिहून बैठकीला आणा. ती यादी घेऊनच आपण कंपनीच्या आणि सरकारच्या दारात जाणार आहोत.

आपला,
दहिवलीचा एक फिटर-शेतकरी