विश्लेषण : वालधुनीची नोंदवही कोण ठेवणार? लोकविज्ञानात संग्रहालयांची भूमिका काय?

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी उल्हासनगरमार्गे पुढे कल्याणकडे जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात या नदीत सोडलेल्या रसायनांतून वायू पसरला आणि अनेक रहिवाशांना रुग्णालयात दाखल करावे लागले. नदीचा बदललेला रंग आणि दर्प सर्वांत आधी काठावरच्या लोकांना कळतो. मात्र, त्यांचे निरीक्षण पुरावा कधी ठरते?

लोकविज्ञान म्हणजे काय?

सामान्य नागरिकांनी ठरलेल्या पद्धतीने नोंदी घेणे आणि त्या संशोधनासाठी वापरल्या जाणे म्हणजे लोकविज्ञान. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एवढी तफावत असेल, तर गावोगावच्या नोंदींचे मोल कळते. बदलापुरातील एका हौशी अभ्यासकाच्या खासगी हवामान केंद्राच्या नोंदींचा आधार माध्यमेही घेतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. अशा वेळी स्थानिक आकडे महत्त्वाचे ठरतात.

संग्रहालय कशाला हवे?

नोंद घेण्याची पद्धत शिकवणे, ती पडताळणे आणि पिढ्यान्‌पिढ्या जपणे ही कामे संग्रहालयाला जमतात. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथील दोन संग्रहालयांनी ‘सिटी नेचर चॅलेंज’ सुरू केले. नागरिक शहरातील वनस्पती-प्राण्यांची छायाचित्रे नोंदवतात, जाणकार ती ओळखतात. आज जगभरातील शहरे त्यात सहभागी होतात.

अडचण काय?

नेहरू विज्ञान केंद्र वरळीत, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दक्षिण मुंबईत आहे. बदलापूर ते सीएसएमटी हे रेल्वेचे अंतर ६८ किलोमीटर आहे. वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांपर्यंत जाते. पण बस एक दिवस येते. नदीच्या नोंदी मात्र वर्षभर, त्याच जागी आणि त्याच वेळी घ्याव्या लागतात.

मग उपाय काय?

स्थानिक महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि मुंबईतील संग्रहालय यांची सांगड घालता येईल. पीएच पट्टीने पाण्याची आम्लता कळते, जड धातू कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. मात्र रात्री सोडलेले रसायन सकाळी नमुना घेईपर्यंत वाहून गेलेले असू शकते. तारीख, वेळ आणि छायाचित्रासह घेतलेली नागरिकांची नोंद नमुना कुठे आणि केव्हा घ्यायचा, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांगू शकते. त्या नोंदीची दखल घेण्याची व्यवस्था नसेल, तर वही भरेल, पण नदी आहे तशीच राहील.