पहिल्या तीन पाळ्या

आषाढात भोर-वेल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात भातलावणी सुरू झाली की बाई सकाळी खाचरात उतरते ती दिवस मावळतीलाच वर येते. डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद, पोटऱ्यांपर्यंत चिखल, कंबर वाकलेली. त्यात पाळी आली तर पॅड पावसाने भिजून जड होतं, मांड्या सोलवटतात आणि बदलायला आडोसा मिळत नाही. कापडाची घडी घेणारीला तर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. घडी दमट राहते आणि तीच पुन्हा घ्यावी लागते. मासिक पाळीचा कप खरा या बाईच्या कामाचा आहे, असं आमचं मत आहे. बारा तासांपर्यंत तो आत राहू शकतो. धुवायला तांब्याभर पाणी पुरतं. भाटघर, गुंजवणीसारखी धरणं उशाशी असूनही उन्हाळ्यात ज्या वाड्या-वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते, तिथे ही गोष्ट लहान नाही.

कप काही नवा नाही. लिओना चाल्मर्स या अमेरिकन बाईंनी १९३७ साली त्याचं पेटंट घेतलं. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा, ३,३१९ मुली-स्त्रियांचा एकत्रित आढावा आला. गळती पॅडइतकीच किंवा त्याहून कमी आढळली. पण सवय व्हायला काही महिने लागतात आणि जवळच्या कुणाची साथ असेल तर कप टिकतो, हेही त्यात दिसलं. केरळातल्या कुंबळंगी गावात २०२२मध्ये हजारो कप वाटले गेले, तेव्हा बायकांना ते वापरायला शिकवण्याचे वर्गही घेतले गेले. आपल्याकडे शिबिरात हार-तुरे होतात, डबी हातात पडते आणि पुढच्या महिन्यात ती डबी फडताळात जाते. आशाताई, सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी आणि खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी, पहिल्या तीन पाळ्या त्या बाईसोबत राहायला हवं.

बहुतेकींची पहिली भीती एकच असते: “ताई, आत हरवला तर?” योनिमार्ग वर गर्भाशयाच्या मुखापाशी संपतो, कपाला पुढे जायला वाटच नाही. हे चित्र काढून दाखवा. उकिडवं बसून, कपाची घडी पाण्याने ओली करून, कमरेच्या दिशेने तिरका सारायचा. आत उघडला की नाही ते बोट फिरवून पाहायचं. काढताना दांडी ओढायची नाही. खालचा भाग चिमटीत दाबून हवा आत जाऊ द्यायची आणि मग काढायचा. दांडी टोचत असेल तर कप बाहेर काढून ती थोडी कापता येते. उकळण्याचा प्रश्न मात्र घरातला असतो. स्वयंपाकाच्या चुलीवर ‘ते’ उकळू देणारी सासू विरळाच. मग न्हाणीतल्या, पाणी तापवायच्या चुलीवर एका वेगळ्या पेल्यात पाच ते दहा मिनिटं उकळायचं. पाळी सुरू होताना एकदा आणि संपल्यावर एकदा, एवढं पुरतं.

आता ज्या प्रश्नाशी आपली जीभ अडखळते तो. नवरा मुंबईला कामाला, सणाला दोन दिवस घरी येतो आणि तेच दिवस पाळीचे निघतात. पाळीत जवळ यायचं नाही असं घरोघरी म्हणतात, तरी जोडपी जवळ येतात. बाई हे विचारणार नाही, म्हणून आपणच विषय काढायचा. नेहमीचा घंटेच्या आकाराचा कप संबंधाआधी काढावा लागतो, नाहीतर दोघांनाही टोचतो. नुसती जवळीक असेल तर आत राहिला तरी चालतो. चपटी, वाटीसारखी डिस्क वर गर्भाशयाच्या मुखामागे बसते आणि ती ठेवून संबंध करता येतो, पण ती बसवायला सराव लागतो. कप असो वा डिस्क, दिवस राहण्यापासून किंवा संसर्गापासून त्याने संरक्षण मिळत नाही. रक्तातून संसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या बाईलाही निरोधचं महत्त्व सांगा. खोबरेल तेलाने निरोध फाटतो, हेही सांगा.

याहून नाजूक एक गोष्ट आहे. कित्येक घरांत ‘अडचण आहे’ हे नकाराचं एकमेव मान्य कारण असतं. कप आला म्हणजे अडचण संपली, असं आपण उत्साहात सांगितलं तर त्या बाईचे महिन्यातले चार हक्काचे दिवस आपणच काढून घेतो. कप तिच्या सोयीसाठी आहे. संबंध हवा की नको हे ती ठरवेल, आणि हे वाक्य नवऱ्यासमोरही त्याच शब्दांत बोलता आलं पाहिजे.

लग्न न झालेल्या मुलींच्या आया कौमार्याची भीती घालतात. आपल्यापैकी काही जण अजूनही त्यावर गप्प बसतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९मध्ये कौमार्याच्या खुणांचा धडा अभ्यासक्रमातून काढला. कप वापरायचा की नाही हे त्या मुलीच्या सोयीवर ठरावं.

काहींना मात्र थांबवावं लागतं. तांबी बसवलेली असेल तर कप ओढताना ती निसटू शकते. धागे तपासा, हवा सोडून काढायची सवय पक्की करा, नाहीतर दुसरं साधन सुचवा. बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील तर नको. डोंगरातून हंडे वाहून अंग बाहेर येऊ लागलेल्या बाईत कप नीट बसत नाही, आणि कप सारखा निसटतो ही तक्रार ऐकली की तपासणी टाळू नका. कप आत असताना अचानक ताप, उलट्या, अंगावर पुरळ आलं तर तो लगेच काढून तातडीने रुग्णालयात पाठवा. हा आजार (टॉक्सिक शॉक सिंड्रोम) अत्यंत विरळ असला तरी जिवावर बेतू शकतो.

आणखी एक फायदा आपल्या व्यवसायाने अजून पुरता ओळखलेला नाही. कपात रक्त मोजता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ‘अंगावरून फार जातं’ हे वाक्य आपण रोज ऐकतो आणि लोहाच्या गोळ्या लिहून मोकळे होतो. साधारण पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, ऐंशीच्या वर गेलं तर ते जास्त. किती वेळा कप रिकामा केला आणि किती भरला होता, एवढं तीन पाळ्या वहीत लिहायला सांगा. आकडा ऐंशीपुढे गेला तर त्याच दिवशी हिमोग्लोबिन पाहा आणि ती वही बरोबर देऊन तिला भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात कारण शोधायला पाठवा.