इमारत अडते कुठे?

स्मेथविक येथील मिडलँड मेट्रोपोलिटन युनिव्हर्सिटी हॉस्पिटल ६ ऑक्टोबर २०२४ रोजी रुग्णांसाठी खुले झाले. मूळ करारानुसार ते २०१८ सालीच सुरू व्हावयाचे होते. बर्मिंगहॅम, सँडवेल व वुल्व्हरहॅम्प्टन परिसरातील आपल्या कुटुंबांनी ही अर्धवट इमारत वर्षानुवर्षे जाता-येता पाहिली आहे. भारतातून आलेला पाहुणा हमखास विचारतो, ‘‘इंग्लंडातही असे होते?’’ आणि आपणही ‘मॅनेजर कुचकामी असेल’ असे म्हणून मोकळे होतो. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. बांधकामावरील प्रकल्प व्यवस्थापक हा बहुधा असा मनुष्य असतो, की ज्याच्या शिरावर सारी जबाबदारी असते आणि हाती अधिकार मात्र फारच थोडा असतो.

या रुग्णालयाचे कंत्राट कॅरिलियन या कंपनीकडे होते. तिचे मुख्य कार्यालय वुल्व्हरहॅम्प्टनचेच. १५ जानेवारी २०१८ रोजी ही कंपनी अवसायनात निघाली, तेव्हा तिच्या डोक्यावर सुमारे ७०० कोटी पौंडांची देणी होती व रोकड होती अवघी २ कोटी ९० लाख पौंड. परंतु आजार त्या दिवशी जडला नव्हता. नॅशनल ऑडिट ऑफिसने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून दिसते, की स्मेथविकच्या इमारतीत उष्णता, वीज व वायुवीजन यांच्या व्यवस्थेचे आराखडेच कंपनीस नीट बसविता येत नव्हते. त्याच कंपनीच्या रॉयल लिव्हरपूल रुग्णालयाची कथा अधिक बोलकी आहे. ते मार्च २०१७ मध्ये पूर्ण व्हावयाचे होते. प्रथम जागेवर ॲस्बेस्टॉस निघाले, पुढे काँक्रीटच्या तुळयांना तडे गेले. कंपनी बुडाल्यावर नव्याने तपासणी झाली, तेव्हा सांगाड्यातील आणखी दोष उघडकीस आले आणि बाहेरील आवरण अग्निसुरक्षेच्या दृष्टीने अयोग्य ठरले. केलेले काम उकलून पुन्हा करावे लागले. रुग्ण तेथे जाण्यास २०२२ चा शरद ऋतू उजाडला.

आता अशा जागेवर उभ्या असलेल्या व्यवस्थापकाची स्थिती पाहा. किंमत ठरली ती निविदेच्या वेळी, त्याच्या पश्चात. जोखीम कोणी उचलावयाची हे वकिलांनी ठरविले. पाऊस, मजुरांची टंचाई, लोखंडाचे वाढते भाव या नित्याच्या अडचणी तो जाणतो व निभावूनही नेतो. परंतु पैशापुढे त्याचा इलाज चालत नाही. कॅरिलियन आपल्या पोटकंत्राटदारांची बिले १२० दिवसांपर्यंत लांबवीत असे, हे पार्लमेंटच्या समित्यांच्या २०१८ च्या चौकशीत पुढे आले. ज्या वायरमनच्या मालकास चार महिने पैसे मिळत नाहीत, तो आपली माणसे दुसऱ्या कामावर हलवितो. वायरमन गेला की प्लास्टर थांबते, प्लास्टर थांबले की रंगारी थांबतो. व्यवस्थापक दूरध्वनी करीत राहतो. वास्तविक सर मायकेल लॅथम यांनी १९९४ च्या आपल्या अहवालात या दुखण्यावर बोट ठेवले होते व त्यानंतर १९९६ चा कायदाही झाला. ‘मला वरून मिळाले की तुला देईन’ ही कंत्राटातील अट त्या कायद्याने सर्वसाधारणपणे बाद ठरविली. मुदत लांबविण्याची पळवाट मात्र शिल्लक राहिली.

दुसरी अडचण मालकाच्या बदलत्या इच्छेची. याबाबतीत आम्ही डॉक्टर मंडळी काही कमी नाही. एका नव्या कक्षाचे आराखडे पाहण्यासाठी भरणाऱ्या बैठकांना मी उपस्थित असे. प्रत्येक विभागप्रमुख दर बैठकीत नवी मागणी मांडी आणि खर्च वाढला की तोच कपाळावर आठ्या घाली. आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण हवे असेल, तर दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील बाबासाहेबांच्या स्मारकाचे घ्या. भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले. जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुतळ्याची उंची २५० वरून ३५० फूट करण्यास मंजुरी दिली आणि खर्चाचा अंदाज ७६३ कोटींवरून सुमारे १०९० कोटी रुपयांवर गेला. २०२५ सालीही काम चालूच होते. पुतळा भव्य असावा याविषयी माझा वाद नाही. तो किती भव्य असावा हे कुदळ मारण्यापूर्वी ठरले पाहिजे, कारण उंची बदलली की पायाचे गणित बदलते. त्याचा जाब मात्र शेवटी कामावरच्या अभियंत्यालाच विचारला जातो.

तिसरी अडचण परवानगीची. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर, जेथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले व त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला स्मारकाचे उद्घाटनही झाले. निवासी घराचे संग्रहालय करण्याची रीतसर परवानगी मात्र नव्हती. कॅम्डेन कौन्सिलने २०१८ मध्ये ती नाकारली, सप्टेंबर २०१९ मध्ये अपिलाची सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये सरकारने मान्यता दिली. न्याय मिळाला, परंतु उद्घाटनानंतर चार वर्षांहून अधिक काळ टांगणीला लागून.

या तिन्ही अडचणींच्या मुळाशी मला एकच दोष दिसतो. ज्यास बिघाड प्रथम दिसतो त्याचा शब्द, ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यापर्यंत वेळेवर जात नाही. विदर्भातून अमेरिकेस गेलेल्या डॉक्टर पित्याचे पुत्र, शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात बोस्टनमधील एका बांधकामाचे वर्णन केले आहे. तेथे कामांच्या वेळापत्रकासोबत दुसरे एक वेळापत्रक असे. कोणत्या तारखेपर्यंत कोणी कोणाशी कोणत्या विषयावर बोललेच पाहिजे, हे त्यात नमूद असे. शस्त्रक्रियेपूर्वीची जी तपासणी-यादी गवांदे यांच्या पथकाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी तयार केली, तिच्यातही सर्वांनी परस्परांशी बोलण्यावर असाच भर आहे. आठ देशांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. परिचारिकेनेही सर्जनला थांबवावे, हे आम्हा डॉक्टरांच्या पचनी पडण्यास वेळ लागला, ही गोष्ट वेगळी.

या देशात आपल्या संस्था विहारासाठी जुनी चर्च, गोदामे, घरे घेतात. देणगी गोळा होते, तारीख जाहीर होते, पाहुणे ठरतात आणि मग कोणी तरी छपराची तपासणी करावयास जातो. हा क्रम उलटा करावा, अशी माझी सूचना आहे. खरेदीपूर्वी वापराच्या परवानगीविषयी कौन्सिलचे मत लेखी घ्यावे. ॲस्बेस्टॉस, पाया व छप्पर यांची तपासणी पदरमोड करून करावी. अनपेक्षित खर्चासाठी रक्कम बाजूस ठेवावी व तिला स्वयंपाकघराच्या फरशीसाठी हात लावू नये. काम पाहणारी व्यक्ती एकच असावी. कार्यकारिणीच्या पंधरा सभासदांनी गवंड्यास परस्पर पंधरा सूचना देऊ नयेत. आणि ‘ही तारीख साधणार नाही’ असे त्या व्यक्तीने सांगितले, तर तिच्या निष्ठेविषयी शंका न घेता निमंत्रणपत्रिकांची छपाई थांबवावी.