पाण्याखालच्या रानात पाहुणे

कापूस विकला गेला, तूर घरात आली, चण्याचे कुटार आवरले की आपल्या राजुरा भागात सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी बेत ठरलेला असे. माहूर, शेगाव, फार तर पंढरपूर. आता कॉलेजात जाणारी मुले निराळेच नाव काढतात. मालवणला जाऊ, समुद्राच्या पोटात उतरून मासे बघू म्हणतात. आजी कपाळाला हात लावते, आई विचारते बुडाल्यावर काय, आणि बाप विचारतो खर्च किती. तिघांचेही प्रश्न रास्त आहेत. म्हणून आज तीच गोष्ट करू.

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले बंदर. बल्लारशाहला गाडी धरायची, मुंबईमार्गे कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचे. तेथून मालवण एस.टी.ने तासाभरावर. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला समोरच पाण्यात उभा आहे. या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ वाढतात, आणि प्रवाळ तेथे मासे. पाण्याखाली श्वास घेत उतरून हे बघायचे, याला स्कूबा म्हणतात. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी त्याचे यंत्र तयार केले. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. सिलिंडरात निव्वळ प्राणवायू असतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्यात आपली साधीच हवा दाबून भरलेली असते.

पोहता येत नसले तरी चालते, कारण शिकवलेला माणूस तुम्हाला धरून नेतो. खोली वीस-पंचवीस फूट, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या विहिरीइतकीच. पण आपल्या पोरांना सांगायची खरी गोष्ट पुढेच आहे.

आपली मुले विहिरीत, तलावात नाहीतर वर्धेच्या डोहात पोहायला शिकतात. बुडी मारायची म्हणजे छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो कोंडून धरायचा, ही त्यांची सवय. स्कूबात हीच सवय घातक ठरते. तेहतीस फूट खाली गेले की पाण्याचा व हवेचा मिळून दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. तेथे घेतलेली छातीभर हवा कोंडून वर आलात, तर ती वाटेत फुगत फुगत दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा करते. विहिरीतल्या बुडीत असे होत नाही, कारण ती हवा वरूनच नेलेली असते. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यानेही मनात घोकावे: श्वास कोंडायचा नाही, संथ चालू ठेवायचा, आणि वर येताना घाई करायची नाही.

दुसरे कानाचे. खोल बुडीत कानाला दडा बसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाक चिमटीत धरून हळूच नाकात हवा ढकलली की तो सुटतो. न सुटला तर खाली जायचे नाही, वर चला म्हणून खूण करायची. खुणाही शिकून घ्याव्यात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मजा आहे' असा नसून 'मला वर न्या' असा आहे. सर्व ठीक असेल तर अंगठा व तर्जनी जुळवून गोल करायचा.

सर्दी झालेल्याने, दमेकऱ्याने, हृदयविकार किंवा फिट येणाऱ्याने उतरू नये. गरोदर बाईने तर नाहीच. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. दहा वर्षांखालच्या पोरांना वरूनच दाखवावे. दारू घेतलेल्याला होडीतही बसू देऊ नये. आणि तोंडात खर्रा ठेवून ती नळी दातांत धरता येत नाही, हे आमच्या काही मित्रांनी घरूनच ध्यानात ठेवावे.

आता आईचा प्रश्न. धोका पाण्याखाली असतो तसा पाण्यावरही असतो. २०२२ सालच्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी बुडाली आणि दोन माणसे दगावली. म्हणून होडीत पाय ठेवण्याआधी जाकीट अंगात घालावे आणि काठावर उतरेपर्यंत काढू नये. गर्दी झालेल्या होडीत बसू नये. पावसाळ्यात हे सारे बंद असते. वारा सुटला असेल तर इतर वेळीही हट्ट धरू नये.

बापाचा प्रश्न खर्चाचा. दर हंगामाप्रमाणे चढतो-उतरतो, तेव्हा आधीच बोलून घ्यावे. मात्र बी-बियाणे घेताना आपण केवळ भाव बघत नाही, उगवणही विचारतो. तसेच येथे विचारावे: एका माणसामागे शिकवलेला एक माणूस आहे ना? उतरण्याआधी उथळ पाण्यात सराव करून घेता ना? ज्या तरुणाला हे नीट शिकून पोटाचा धंदा करायचा असेल, त्याच्यासाठी तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची शिक्षणसंस्था आहे.

आणि आजी? तिला पाण्यात उतरवायचे कारण नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना खारफुटीचे रान दाखवतात. आपल्या बचत गटातल्या बहिणींनी ते मुद्दाम बघून यावे.

खाली काय दिसते? पाणी निवळ असेल तर रंगीबेरंगी पोपटमासे प्रवाळ कुरतडताना दिसतात, खडकाच्या कपारीत गोब्रा दबा धरून बसलेला असतो. काचेतून मासा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, हे गावी येऊन हकिकत सांगताना विसरू नये.

प्रवाळ पाहून प्रथम वाटते की हा दगड आहे किंवा झाड आहे. तो प्राणी आहे. बोटाच्या पेराहूनही लहान असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि आपल्या घरमालकाला देते. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. ताप लांबला तर तो मरतो. २०२३ पासून जगभरच्या समुद्रांत अशी मोठी लाट येऊन गेली. दगडासारखा गोल प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तुमच्या टाचेखाली वीतभर तुकडा मोडला, तर वीस वर्षांचे काम एका क्षणात गेले.

चुन्याची ही घरे ऐकून राजुरा-कोरपन्याच्या माणसाला आपला दगड आठवेल. ज्या चुनखडीवर आपल्याकडचे सिमेंटचे कारखाने चालतात, तीही समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. मात्र ती इतकी जुनी की तेव्हा जगात ना मासा होता ना प्रवाळ. आपल्या वावराखाली समुद्र आहे, फक्त तो वाळून दगड झाला.

कायद्याने वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत २००१ पासून प्रवाळही आहे. म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालणे हा गुन्हा आहे. मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. त्या जाहीरनाम्याला तेथल्या मच्छीमारांनी कडवा विरोध केला. जाळे टाकायची बंदी आली तर खायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ताडोबात नवेगाव-रामदेगी, जामणी ही गावे उठली. रोही आणि रानडुक्कर पीक लोळवतात तेव्हा आपणही हेच विचारतो. २०२० साली राजुऱ्याच्या रानात माणसे मारणारा वाघ पकडेपर्यंत वावरात जाणे कसे जड झाले होते, ते आपण भोगले आहे. शहरातून आलेला पाहुणा वाघ बघून खूश होऊन जातो. मागे राहतो तो आपण. मालवणात आपण तसे पाहुणे असणार.

तर मग आपल्याला पाहुण्याने जसे वागावेसे वाटते, तसेच तेथे वागू. प्रवाळावर उभे राहायचे नाही, त्याला हात लावायचा नाही. मासे जवळ यावेत म्हणून कोणी पाव हातात दिला तर नम्रपणे नको म्हणायचे. रस्त्यावरच्या माकडांना खाऊ घालून त्यांचे काय झाले, ते आपण रोज पाहतो. शिंपले भरून आणायचे नाहीत, प्लास्टिकची पिशवी होडीतून उडू द्यायची नाही.

आणि एक सकाळ राखून ठेवावी. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. लांबलचक जाळे होडीने समुद्रात सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर काठावरून पुष्कळ जणांनी मिळून ओढायचे. मिळालेली मासळी वाटून घ्यायची. मोठ्या यांत्रिक जाळ्यांनी या लोकांचा घास हिरावला, म्हणून ते वर्षानुवर्षे भांडत आले आणि २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. रापण चालू दिसली तर 'काका, हात लावू का?' म्हणून विचारावे आणि दोर धरावा. वडिलांच्या काळी जाळ्यात काय यायचे आणि आता काय येते, हेही विचारावे. तेही तुम्हाला पाऊसपाणी आणि कापसाचा भाव विचारतील. तेवढे बोलणे झाले म्हणजे सहलीचे पैसे फिटले समजा.